हवेत घातलेला हात

उजवा हात पुढच्या पोफळीला घातला आणि मुठीत काहीच आलं नाही.

पोफळ समोरच होती. तिची करडी साल, सालीवरचे पांढरे डाग, वर लोंबणारा केशरी सुपाऱ्यांचा घड, सगळं दिसत होतं. मी मात्र तिच्या वीतभर अलीकडे हवेला मूठ मारली होती. तेवढ्यात ज्या पोफळीवर मी होतो ती मला घेऊन माघारी झुकली, डाव्या खांद्याला हिसका बसला आणि पायांत अडकवलेलं काथ्याच्या दोरीचं वेटोळं निसटून खाली गेलं. ते जमिनीवर आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला. पंचेचाळीस फूट आमच्या धंद्यात काही फार नव्हेत, रोजचेच. पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दोन्ही हातांनी, दोन्ही मांड्यांनी, हनुवटीनंसुद्धा मी पोफळीला घट्ट धरलं.

"काय झाला रे?" खालून दत्तूकाकांची हाक आली.

"काय नाय," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

आमच्याकडे सुपारी काढणारा माणूस दर झाडागणिक खाली उतरत नाही. पोफळ बारीक आणि लवचिक. शेंड्याजवळ बसून अंगाच्या वजनानं तिला झुलवायची, ती पलीकडच्या पोफळीकडे वाकली की हात घालून ती पकडायची आणि पहिली सोडून द्यायची. असं करत एका दमात वीस-पंचवीस झाडांचे घड उतरवायचे. शहरातले पाहुणे तोंडाचा आ करून बघत राहतात. मी चौदाव्या वर्षापासून हे करत आलो होतो आणि त्या दिवशी चौतीस वर्षांचा होतो. वीस वर्षांत माझा हात असा कधी रिकामा गेला नव्हता.

मी खाली बघितलं आणि ते करायला नको होतं. सगळं आगर कुणीतरी एका बाजूनं उचलून धरल्यासारखं दिसत होतं. पोफळी एकजात डावीकडे कललेल्या, पाटाचं पाणी चढावर चाललेलं. खाली शेवंती, माझी बायको, सुपाऱ्या वेचायचं थांबवून वर बघत होती आणि तिच्या शेजारी तिच्याच अंगाची आणखी एक पुसट शेवंती उभी होती.

मी घाबरलो. बापजन्मात घाबरलो नव्हतो असा घाबरलो. तेव्हा बापाची आठवण आलीच, कारण माझा बाप ह्याच आगरात पोफळीवरून पडून मेला होता.

त्याचं नाव विश्राम आरेकर. तो गेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गावात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. विश्राम्या सकाळीच टाकून झाडावर चढला, वर जाऊन वेड्यासारखा रिकाम्या हवेत हात घातला आणि पडला. राखणदारानं, म्हणजे आगर राखणाऱ्या देवानं, ढकलला, असंही म्हणायचे. मी मोठा झाल्यावर आगराच्या वाटेवर कुणी ना कुणी हसत विचारायचंच, "वासू, वास घेऊ काय रे तोंडाचा?" मी दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, शिमग्यातसुद्धा नाही. तरी त्या प्रश्नानं दर वेळी मान खाली जायची. तशीही माझी मान जरा तिरपीच असायची. लहानपणापासून डोकं एका खांद्याकडे कलतं ठेवून बघायची मला सवय होती, आणि पोरं मला 'वाकडा' म्हणायची.

आता हे सगळं कशानं झालं ते सांगतो. त्याच्या बारा दिवस आधी माझी मुलगी यमू, इयत्ता चौथी, शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. शाळेत डोळे तपासले होते आणि तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा असं लिहिलं होतं. मी तिला घेऊन चिपळुणात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी यमूला भिंतीवरचा एक तक्ता दाखवला. घड्याळाच्या आकड्यांच्या दिशेनं चहूकडे जाणाऱ्या रेघा होत्या. कुठली रेघ जास्त काळी दिसते, असं त्यांनी विचारलं. यमू म्हणाली, "ही तिरकी काळी आहे आणि ती दुसरी तिरकी पुसट."

"बरोबर आहे की," मी मागून म्हणालो. "तशीच काढली आहे."

बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. "सगळ्या रेघा एकाच शाईच्या आहेत, आरेकर. तुम्ही बसा बरं खुर्चीत."

अशी माझी वरात निघाली. अर्धा तास त्यांनी माझ्या नाकावर भिंगं बदलली आणि मग वही बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला आजवर कळलं कसं नाही?"

"काय कळायचं त्यात? सगळ्यांना असंच दिसतं असं वाटायचं."

त्यांनी समजावून सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण पुढे त्यातला शब्द न् शब्द माझ्या अंगावर आला. डोळ्याचा पुढचा भाग चेंडूसारखा गोल असायला हवा, माझा अंड्यासारखा एका बाजूनं दबलेला. त्यामुळे काही दिशांच्या रेघा फिसकटतात. "पण मेंदू गप्प बसत नाही," त्या म्हणाल्या. "डोळा वाकडं चित्र पाठवतो आणि मेंदू ते आपलं आपण सावरून घेतो. तुमचा मेंदू चौतीस वर्षं हेच करत आलाय. आता चष्म्यानं चित्र सरळ होईल, पण मेंदूला ते ठाऊक नाही. तो जुन्या सवयीनं सावरतच राहील. म्हणून सरळ भिंत तिरपी दिसेल, जमीन उतरती वाटेल. दोन-तीन आठवडे त्रास होईल. मग तो नवं शिकेल."

"आणि नाही शिकला तर?"

"शिकतो. अट एकच. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा डोळ्यावर. काढ-घाल करायची नाही. केलीत तर धड जुनं राहणार नाही, धड नवं येणार नाही." मग यमूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला थोडं कमीच साधेल. काही रेघा तुमच्या मेंदूनं लहानपणी नीट बघितल्याच नाहीत, त्या आता पूर्ण स्वच्छ दिसणार नाहीत. हिचं वय मात्र शिकायचं आहे. हिला चष्म्यावाचून एक दिवस ठेवू नका. घरात आणखी कुणाला असा त्रास? तुमच्या वडिलांना?"

"वडील लवकर गेले," मी म्हणालो. "दारू होती."

"तुम्ही काम काय करता?"

"आगरात असतो."

बाईंना वाटलं झाडांना पाणी घालत असेन. सायकल जपून चालवा, पायऱ्या उतरताना कठड्याला धरा, एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना पोफळीचं सांगितलं नाही. ऐन हंगामात तीन आठवडे घरी बसा म्हणाल्या असत्या, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

चष्मा डोळ्यावर चढवला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नारळाच्या झावळीला पात्या असतात आणि प्रत्येक पातीला कड असते. चांदणी एकेकटी असते हेही कळलं. शेवंतीला म्हटलं, तुझ्या गालावर तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, लग्नाला बारा वर्षं झाली, बरं झालं आत्ता तरी लक्षात आलं. पण त्याच चष्म्यातून घराच्या ओटीची जमीन एका बाजूला उतरायची आणि मी ताट धरून बसायचो. यमू तर रडायची.

आई मात्र चष्मा बघून भडकली. यमूचाही आणि माझाही. "घरात काय घालायचा ता घाला," ती म्हणाली. "गावात मिरवू नका. कोनाला सांगू नका." मला वाटलं, पोरीच्या लग्नाची काळजी करते म्हातारी. यमू लगेच चष्मा दप्तरात ठेवून शाळेत जायला लागली. तिला तेवढंच निमित्त हवं होतं.

मीही तेच केलं. आणि माझ्याकडे तर नियमाचंच निमित्त होतं. आमच्यात झाडावर चढताना अंगावर जमिनीची वस्तू ठेवायची नाही. चप्पल, सदरा, अंगठी, करगोटासुद्धा, सगळं आगराच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या दगडापुढे काढून ठेवायचं. कमरेला लंगोट, कमरेमागच्या लाकडी आकडीला अडकवलेला कोयता आणि पायात वेटोळं, बस्स. म्हणून सकाळी चष्म्याशिवाय झाडावर, दुपारी घरी आल्यापासून झोपेपर्यंत चष्मा. काढ-घाल करू नका म्हणालेल्या बाईंना सोयीस्करपणे विसरलो. पहिले आठ-दहा दिवस काही बिघडलं नाही. झाडावर जुने डोळे शाबूत होते.

त्या दिवशी नवं वेटोळं वळायचं होतं म्हणून पहाटे उठून चष्मा घातला आणि आगरापर्यंत तसाच सायकलवर गेलो. ओटी आता सरळ दिसायला लागली होती, रस्ताही. मी खुशीत होतो. दगडापुढे सदऱ्याच्या घडीत चष्मा लपवला आणि चढलो. पहिल्या दहा पोफळी दाट होत्या, हात सवयीनं पोचत गेला, जरा इकडे-तिकडे झाला तरी बोटांना खोड लागत होतं. अकराव्या आणि बाराव्या झाडाच्या मधली पोफळ गेल्या पावसाळ्यात मेली होती. तिथे लांब झोका घ्यावा लागला. मेंदू आता नवं शिकला होता, आणि चष्म्याशिवाय ती बारावी जिथे दिसली तिथे ती नव्हती.

"वासू, उतर मग," दत्तूकाका खालून म्हणाले. "तिथं काय घरटा बांधतोस?"

"उतरता येत नाय."

"म्हंजे?"

"काका, येत नाय!"

हे ओरडलो आणि माझ्या मांड्यांमधून गरम धार खाली गेली. बायको खाली उभी आहे हे मला माहीत होतं. लाज वाटायलाही जागा नव्हती, सगळी जागा भीतीनं घेतली होती. दंड थरथरायला लागले होते. खोडावरून मुंग्यांची रांग माझ्या मनगटावरून चालली होती आणि मला ती झटकता येत नव्हती. पायातल्या दोरीशिवाय गुळगुळीत खोडावर किती वेळ धरवणार? अर्धा तास? त्याहून कमी? पोफळीला दोन माणसांचं वजन पेलत नाही, तेव्हा कुणी वर येऊन मला धरणार नाही, हेही मला चांगलं ठाऊक होतं.

शेवंतीला राहवलं नाही. "अवो, चष्मा फेकू काय वर?"

"कसला चष्मा?" दत्तूकाकांनी विचारलं.

ती रडत रडत भडाभडा सगळं बोलली. डॉक्टरीणबाई, तिरपी ओटी, यमू, सगळं. मला वाटलं, आता काका शिव्यांची लाखोली वाहणार. त्यांनी मात्र सदरा काढला, माझं खाली पडलेलं वेटोळं उचलून पायांत अडकवलं आणि शेजारच्या पोफळीला हात घातला.

दत्तूकाका माझ्या बापाचे चुलतभाऊ, त्याचे झाडावरचे जोडीदार. मला चढायला त्यांनीच शिकवलं. आता साठीला आले होते, गुडघे गेले होते, चार वर्षांत ते झाडावर चढले नव्हते. त्यांच्या धापा मला जवळ जवळ येत ऐकू आल्या.

"डोळे मिट," ते म्हणाले. आवाज माझ्या कानाच्या उंचीवर होता.

"चष्मा..."

"चष्मा घालायला तुला तिसरा हात हाय काय? मिट डोळे. आज तुजे डोळे तुला मारतील."

मी डोळे मिटले. आगर तिरपं व्हायचं थांबलं, पण भीती थांबली नाही. अंधारात पोफळ जास्त हलते आहे असं वाटायला लागलं.

"खोडाची कडी हाताला लागतात काय?"

पोफळीच्या खोडाला गळलेल्या झावळ्यांच्या खुणांची कडी असतात, वीत-दीड वीत अंतरावर. "लागतात," मी म्हणालो.

"मग झाला. पाय सैल कर. एक कडा खाली घे. घट्ट धर. आता हात. एक."

मी एक कडं उतरलो.

"पाय. धर. हात. दोन."

असं चाललं. बाजूच्या झाडावर तेही माझ्याबरोबर उतरत होते. मधे मधे काहीतरी बोलत होते. यंदा फणस लवकर लागले. गुडघ्याला कसलं तेल चोळतोस विचारतात सगळे, कसलंच नाही. मला ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. बाराव्या की तेराव्या कड्याला माझा तळवा घामानं सुटला आणि मी सरळ घसरलो. छातीची साल निघाली. घसरताना मी डोळे उघडले. कललेल्या दोन पोफळींवर दोन दत्तूकाका, दोघांची तोंडं उघडी, आणि जमीन कुठल्या बाजूला आहे तेच समजेना.

"डोळे मिट, मुडद्या!"

मिटले. मांड्या आवळल्या. थांबलो.

"पाय सैल कर," काका मग म्हणाले. "एक कडा खाली घे."

शेवटी पायाला माती लागली तरी मी पोफळ सोडली नाही. मला ती माती खरी वाटेना. शेवंतीनं माझी बोटं एकेक करून सोडवली. मी डोळे उघडले तर समोर दत्तूकाका. त्यांनी माझ्या थोबाडीत लगावली. वीस वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता.

"लपवलास कशाला?"

"तुमी झाडावरनं काढला असता मला."

"काढलाच असता! बापासारका मरायचा होता काय तुला?"

"काका, मी प्यायलो नव्हतो!"

"तो तरी कुठं प्यायला होता!"

हे बोलले आणि त्यांनी तोंड फिरवलं. सदरा शोधायला लागले. सदरा त्यांच्या पायाशीच पडला होता.

"काय म्हणालात?"

"काय नाय."

"काका, सगळ्या गावाला वास आला होता. मला पण आला होता. बाराचा होतो तरी अजून नाकात हाय माज्या."

त्यांनी सदरा उचलला, झटकला, उलटाच अंगात घातला. "ता तुज्या आईला इचार," म्हणाले आणि मागे न बघता आगराबाहेर गेले.

मी चष्मा लावला आणि घरी आलो. सायकल हातात धरून, चालत. भर दुपार होती. आई घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होती. माझी सोललेली छाती बघून ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि पुन्हा खाली बसली.

"पडलास?" तिनं विचारलं.

"पडता पडता राहिलो. हवेत हात घातला."

ती सुपाऱ्यांवरून हात फिरवत राहिली.

"आई, बाबा प्यायला नव्हता?"

मला वाटलं, ती नाकारेल. ओरडेल. तिनं सुपारीतला एक खडा उचलून बाजूला फेकला. "नव्हता," ती म्हणाली.

"मग वास?"

"मी वतली. तुज्या आज्याच्या गुडघ्याला चोळायची दारूची बाटली होती कोनाड्यात. त्याला आगरातना उचलून घरी आनला. दत्तूभावजी मानसांना बोलवायला गेले. तू शाळेत होतास. तेवड्यात मी ती बाटली त्याच्या तोंडावर, छातीवर वतली. मग रडायला बसले."

बावीस वर्षं ह्या बाईनं नवऱ्याच्या श्राद्धाला लोकांचे टोमणे ऐकले होते. माझ्यासमोर त्याला दारुडा म्हणायची ती स्वतःच होती.

"का?" मी विचारलं.

"त्याला तीन वर्षं दोन-दोन पोफळी दिसत होत्या. मला सांगायचा. मी म्हटला, गप ऱ्हा, कोनाला बोलू नको, काम जाईल." ती थांबली. "गप ऱ्हायला मीच सांगितला त्याला. आनि तो पडला तवा माज्या डोक्यात पयला काय आला सांगू? तू आलास. तुजी ती तिरपी मान आली. तू बगायचास तसाच तो बगायचा. आंधळ्याचा पोरगा म्हटला असता तर कुठल्या मालकानं तुला झाडाला हात लावू दिला असता? दारुड्याची पोरं चढतात. निम्म्या गावाचे बापूस दारुडे हायत."

"मला तसाच डोळा हाय हे तुला माहीत होता, आनि तू मला वर पाठवलास?"

"मग काय खायला घातला असता?" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आला. "दत्तूभावजींच्या पायावर डोका ठेवला. म्हटला, ह्याला असा शिकवा की डोळ्यावर इश्वास ठेवू नको. म्हनून ते तुला शिकवायचे, पुडल्या झाडाला आदी कोयत्याची पाठ लाव, टक आवाज आला की मगच हात घाल. दुसऱ्या कोनाला शिकवला काय त्यांनी तसा?"

नव्हतं शिकवलं. ते टक करणं मी सोळाव्या वर्षीच सोडून दिलं होतं. बाकीची पोरं हसायची, आंधळ्याची काठी म्हणायची. माझा हात तसाही अचूक पडायचा. आईला मी हे सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही, आणि आता ती नाही.

"रोज तू आगरात गेलास की मी दाराकडे कान लावून बसायची," ती म्हणाली. "कोनी पळत येतो काय. वीस वर्षं. सायकलीची घंटी आली की मग तोंडात घास घालायची. तुला वाटायचा, आई आदी जेवून घेते. कधीच आदी जेवले नाय."

एवढं बोलून तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिला हात लावावा की नको, मला कळेना. राग होता. बापासाठी होता, माझ्या खाली गेलेल्या मानेसाठी होता. आणि ती एवढीशी होऊन सुपाऱ्यांपुढे बसली होती.

त्याच वेळी यमू शाळेतून आली. शनिवार होता, दुपारचीच सुटली होती. डोळ्यावर चष्मा नव्हता. वाटेतला दगड तिला दिसला नाही, ठेचकाळली आणि सवयीनं डोकं एका खांद्याकडे कलतं करून आमच्याकडे बघत उभी राहिली.

आईनं तिला बघितलं. खूप वेळ बघितलं.

"यमे, डोळ्यावर घाल ता," ती म्हणाली.

"आजी, पोरं हसतात. आणि तूच म्हणालीस, कोणाला दाखवू नको."

"मी म्हटला. आता मीच सांगते, घाल." मग ती माझ्याकडे वळली. "वासू, मालकाला सांग. शाळेतल्या मास्तरांना सांग. सगळ्यांना सांग की ह्या घरात डोळ्याचा दोष हाय. विश्रामला बी होता. तो प्यायला नव्हता म्हनून सांग."

"लोक विचारतील, मग वास कसला होता?"

"माजा नाव सांग."

मी उठलो. चष्म्यातून अंगण पुन्हा तिरपं दिसायला लागलं होतं. त्या दिवसभरात मी तो इतक्या वेळा काढला-घातला होता की कुठली जमीन खरी ते माझ्या मेंदूलाच कळेनासं झालं होतं. बेड्याच्या फाटकातून बाहेर पडलो. पहिलं घर विखाऱ्याचं. तोंडाचा वास घेऊ का म्हणून मला सगळ्यात जास्त विचारणारा तोच. ओटीवर सुपारी कातरत बसला होता. मला चष्मा लावून, छाती सोललेली, असा येताना बघून त्याचा अडकित्ता थांबला.

"काय रे वासू, भर दुपारीच टाकलीस?" तो हसून म्हणाला.

"बसतो जरा," मी म्हणालो, आणि पायरी चाचपून बघून तिच्यावर बसलो. "माझ्या बाबाचं सांगायचंय."